गोड्या तळ्यात मीठ

तळं पहिल्यांदा बोललं तेव्हा आई पोळ्या लाटत होती. खोलवरून कुठूनतरी ‘डुंऽऽ’ असा आवाज आला, खिडकीच्या काचेतून आत शिरला आणि ओट्यावरचं स्टीलचं ताट बारीक थरथरलं. आई लाटणं हातात तसंच धरून म्हणाली, “वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट पाडलं वाटतं.” आमच्या घराला वरचा मजला नव्हता. बाबा म्हणाले, भूकंप असेल, आणि पुन्हा पेशंटच्या फायलीत डोकं घातलं. माझा स्वभाव असा की एखादा आवाज कुठून आला ते बघितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. माझा नवरा आजही म्हणतो, हिच्याशी संसार करणं म्हणजे रोज चौकशी समितीपुढे हजर होणं. मी अर्धी पोळी तोंडात कोंबली, कोट चढवला आणि मागच्या दाराने बाहेर पडले. तळ्याच्या काठावर शेजारचे म्हातारे आर्नी एकटेच उभे होते. टोपीचा कान वर करून ते ऐकत होते, एखाद्याने मैफलीत ऐकावं तसे, डोळे मिटून. मी विचारलं, हा कसला आवाज? ते म्हणाले, “तळं बर्फ बनवतंय. बर्फ वाढला की त्याला जागा पुरत नाही. मग तो तडकतो आणि ओरडतो. घाबरू नकोस, बोलतंय म्हणजे वाढतंय.” ते अर्थात इंग्रजीत बोलले होते. पण इतक्या वर्षांनी त्यांचं बोलणं माझ्या डोक्यात मराठीतच वाजतं, म्हणून मी ते तसंच लिहिते आहे.

मिनेसोटाच्या उत्तरेला, कॅनडाच्या अंगाला, एका तळ्याकाठचं ते छोटं गाव. बाबांना तिथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि आम्ही वेंगुर्ल्याहून थेट तिथे जाऊन पडलो. मी बारा वर्षांची होते, म्हणजे मराठी पक्की झालेली आणि इंग्रजी कामापुरती. आई समुद्रावरची. बाबा नागपूरचे, लसणालाही जरा जपूनच हात लावणाऱ्या घरातले. दोघांचं लग्न प्रेमाचं, त्यामुळे घरात माशाला परवानगी होती, पण बाबांच्या ताटापासून हातभर लांब. आईला मात्र मासा नसला की जेवल्यासारखं वाटायचं नाही. गावातल्या एकुलत्या एक किराणा दुकानात मासा मिळायचा तो खोक्यात, ब्रेडचा चुरा लावलेला, चौकोनी. आईने ते खोकं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “याचं डोकं कुठे गेलं? कल्ले बघितल्याशिवाय मी कशी घेऊ?” शेवटी तिने बॅगेतून आणलेले सुके बोंबील काढले आणि एका दुपारी तव्यावर भाजले. आमचं घर हॉस्पिटलचं होतं, आणि भिंतीला भिंत लावून एक नर्सबाई राहायच्या. त्यांनी गॅसवाल्यांना फोन केला. हेल्मेट घातलेले दोन धिप्पाड पुरुष हातात यंत्रं घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आले, त्यांनी शेगडीमागे, कपाटामागे वास घेतला आणि शेवटी तव्याकडे बोट दाखवून एकमेकांकडे पाहिलं. ते हसले नाहीत, हसले असते तर बरं झालं असतं. आईने उरलेले बोंबील तीन पिशव्यांत गुंडाळून कचऱ्यात टाकले, आणि त्या दिवसापासून ती स्वयंपाक करताना खिडकीकडे बघत राहायची. बाबांनी समजूत घातली, “अगं, त्यांना सवय नाही. इट्स ओके.” आई म्हणाली, “तुम्हाला ओके आहे. वास माझा गेला बाहेर.”

मी मात्र मजेत होते, कारण मला बर्फ सापडला होता. मराठीत आपण आभाळातून पडतो त्यालाही बर्फ म्हणतो आणि पाणी गोठून होतो त्यालाही. तिथे असं गबाळं बोलून चालत नसे, कारण त्या फरकावर माणसाचा जीव अवलंबून होता. म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलं की पडतं ते हिम आणि गोठतो तो बर्फ. आर्नी काकांना मी पहिल्याच आठवड्यात काका करून टाकलं होतं, आणि त्यांनाही काका म्हणजे काय हे कधी विचारावंसं वाटलं नाही. शाळा सुटली की मी त्यांच्या मागे. ते लोखंडी पहार घेऊन पुढे चालायचे, दर दोन पावलांवर ती बर्फावर आपटायचे आणि आवाज ऐकायचे. काळा, नितळ, खालचं पाणी दिसतं तो बर्फ सगळ्यात भरवशाचा. पांढरा, दुधाळ दिसतो तो हिम भिजून झालेला, त्याच्यात निम्माच दम. ओढा तळ्याला मिळतो तिथे कधीच जायचं नाही, तिथे पाणी रात्रंदिवस हलतं. आणि सगळ्यात फसवं म्हणजे जाड हिम, कारण ती गोधडी असते. वरून पांघरूण पडलं की खालचं पाणी उबेत राहतं आणि बर्फाची वाढ थांबते. मी हे सगळं एका वहीत लिहून ठेवायची, आकृत्यांसकट. माशांचंही लिहायची. थंडीत मासे आळशी होतात, तळाशी पडून राहतात, कडाका वाढला की तोंडही उघडत नाहीत, आणि उतरत्या उन्हात एखादा तासभर अचानक भूक लागल्यासारखे गळाला येतात. का येतात, हे मी रोज विचारायची. काका रोज सांगायचे, “मासा वर आला की त्यालाच विचार.”

बर्फावर त्यांची लाकडी खोपी होती, आमच्या बाथरूमएवढी. आत लाकडांची छोटी चूल, दोन बाकं आणि जमिनीत दोन भोकं. जमीन म्हणजे बर्फच. माणूसभर उंचीचा गिरमिट हाताने फिरवून ती भोकं पाडलेली. आत शिरलं की धूर, ओली लोकर आणि कॉफी यांचा वास यायचा. त्या खोपीत बसून दोन भोकांतून दिसणाऱ्या हिरव्या अंधाराकडे बघत राहणं याहून मोठं सुख त्या वयात मला माहीत नव्हतं.

आई पहिल्यांदा तिथे आली ती मला फरफटत घरी न्यायला. अंधार पडायला आला होता आणि पोरगी तळ्याच्या मधोमध एका खोक्यात बसलेली. बाबांचे बूट, दोन स्वेटर आणि साडीवर कोट अशा थाटात ती बर्फावरून चालत आली, प्रत्येक पावलाला देवाचं नाव घेत. खोपीच्या दाराशी पोचली आणि थबकली. दाराबाहेर हिमावर एक हातभर लांब मासा पडला होता, तपकिरी, चट्ट्यापट्ट्यांचा, बुळबुळीत, हनुवटीवर एकच मिशी. असे चार-पाच इकडे तिकडे पडले होते. तिथले लोक त्याला ईलपाउट म्हणतात आणि गळाला लागला की शिवी देऊन फेकून देतात, कारण तो हाताला विळखा घालतो. आईने वाकून त्याचे कल्ले उघडले. लाल होते. तिने अंड्यांनी फुगलेल्या पोटावर अंगठा दाबला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “शुभे, हे तर वाम आणि शिंगाळ्याचं लग्न लावल्यासारखं दिसतंय. आणि गाबोळी भरलीये गं! यांना विचार, हे टाकलंय का खरंच?” इतक्या महिन्यांत तिचा आवाज असा झालेला मी ऐकला नव्हता. मी विचारलं. आर्नी काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि सांगितलं की त्यांची आई फिनलंडची होती, ती याचं सूप करायची, आणि ती गेल्यापासून गावात कुणीही हा मासा खाल्लेला त्यांना माहीत नाही. मग त्यांनी पाचही मासे गोळा करून आईच्या हातात दिले, फुलं द्यावीत तसे.

तेव्हापासून रोज दुपारी आई खोपीत. घरात वास नको म्हणून ती तिखट, हळद, कोकम आणि लोखंडी तवा पिशवीत घालून तिथेच यायची. काकांच्या चुलीवर गाबोळीचे तुकडे तळायची, आम्ही तिघं बोटं भाजत खायचो आणि काका कानापर्यंत लाल होऊन नाक पुसायचे. तोवर आईचं ठाम मत होतं की गोड्या पाण्यातल्या माशाला चव नसते. खाल्ल्यावर म्हणाली, “बरा आहे. समुद्र नाही, पण बरा आहे.” तिच्या तोंडून ही मोठी पदवीच होती. काका इंग्रजीत बोलायचे, आई मराठीत उत्तर द्यायची, मध्ये मी. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी मध्ये नसले तरी त्यांचं अडत नाही. मला जरा रागच आला होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

आर्नी काकांकडे गावाचं एक काम होतं. तळ्याकाठी आमिषाचं दुकान होतं, त्यांचा मुलगा डेल शहरातून रोज येऊन ते चालवायचा. काचेच्या टाक्यांत बारीक मासोळ्या, भिंतीवर गळ आणि दोऱ्या. दुकानासमोरच्या खांबावर एक झेंडा असायचा. हिरवा म्हणजे बर्फावर जा, लाल म्हणजे जाऊ नका. कोणता झेंडा लावायचा हे आर्नी काका ठरवायचे, गेली कित्येक वर्षं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी गावातली सगळी मुलं बर्फावर मासे धरायला उतरत, तेव्हाही आदल्या दिवशी काका तळं फिरून सांगत. पण त्यांचं वय झालं होतं. ऐकू कमी यायचं, चष्मा बदलूनही बारीक दिसायचं नाही, आणि मागच्या वर्षी त्यांनी लाल झेंडा विनाकारण आठवडाभर ठेवला असं लोक म्हणत. एकदा मी मासोळ्या घ्यायला गेले होते तेव्हा डेल माझ्यासमोरच त्यांना म्हणाला, “डॅड, आणखी एकदा असं झालं ना, तर खोपीची किल्ली मी घेणार. मग तुम्ही आमच्याकडे शहरात राहायचं. बर्फ पुरे झाला.” काका दाराकडे वळले. दुकानातून बाहेर आल्यावर त्यांनी टोपीचे कान खाली ओढले आणि म्हणाले, “शूबी, तळ्याशिवाय मी काय करणार गं दिवसभर?”

आता आईच्या पेटीबद्दल. कोकणातली बाई माशाचा हंगाम असला की पुढच्या दिवसांची बेगमी करते. पावसात होड्या बंद, म्हणून मे महिन्यात मासे खारवून, सुकवून ठेवायचे. आईने चौकशी केली तेव्हा तिला कळलं की मार्चअखेर बर्फ कुजायला लागला की कित्येक आठवडे तळ्यावर पाऊलही टाकता येत नाही, आणि होडीही घालता येत नाही. तिच्या डोक्यात लगेच पावसाळा सुरू झाला. तिने किराणा दुकानातून काकड्यांच्या लोणच्यासाठी मिळणारं मीठ आणलं, भलंमोठं पोतं. एक फळ्यांची पेटी मिळवली. माशाचा थर, मिठाचा थर, परत मासा, परत मीठ, वर दगड. फळ्यांमधल्या फटींतून खारं पाणी गळून गेलं पाहिजे, नाहीतर मासा नासतो, हे तिच्या आईने तिला शिकवलेलं. घरात ठेवायची सोय नव्हती, नर्सबाई भिंतीपलीकडे होत्याच. म्हणून तिने पेटी काकांच्या खोपीच्या मागच्या बाजूला ठेवली, वर हिम लोटलं आणि मला बजावलं, “त्यांना सांगू नकोस. त्यांना वाटेल, ही बाई इथेही घाण करते.” उभं तळं म्हणजे कित्येक मैलांचा फ्रीज. मासा नुसता दारात ठेवला असता तर एप्रिलपर्यंत दगडासारखा राहिला असता. पण आमच्या दोघींच्याही डोक्यात हे आलं नाही. मासा टिकवायचा तर मीठ, एवढंच आम्हाला ठाऊक. दर दोन दिवसांनी आई पेटी उघडायची आणि मूठमूठ मीठ आणखी घालायची. तीन आठवड्यांत पोतं संपलं. मुलांच्या शनिवारच्या दोन दिवस आधी आम्ही पेटी उचलली, गाडीच्या मागे ब्लँकेटखाली लपवली आणि घरी आणून गॅरेजात ठेवली. त्या रात्री हिम पडलं, छान भुसभुशीत, आणि पेटीची जागा झाकली गेली.

शुक्रवारी शाळेतून आले तर खांबावर लाल झेंडा. खोपीपाशी आर्नी काका एका पायात ओला बूट घालून उभे होते. खोपीमागे चालताना त्यांचा पाय हिमातून खाली गेला होता, घोट्याच्या वर, पाण्यात. बाहेर इतकी थंडी की पापण्या चिकटत होत्या, आठवडाभर एक थेंब वितळलेला नव्हता, आणि तिथे दोन परातींएवढ्या खड्ड्यात पाणी उभं होतं, गोठत नव्हतं. काकांनी त्यात पहार घातली. बर्फ मऊ लागला, भिजलेल्या बिस्किटासारखा चुरा होऊन वर आला. गुडघाभर जाड बर्फ तिथे निम्मा खाल्ला गेला होता. डेल पोचला आणि वैतागून म्हणाला, “डॅड, उद्याचं कॅन्सल करताय? सगळं ठरलंय.” काका म्हणाले, “खाली झरा असेल तर बर्फ खालून खातो. हा वरून खाल्लाय. असं मी जन्मात पाहिलेलं नाही. मला हा बर्फ कळत नाही, आणि जो बर्फ मला कळत नाही त्यावर मी पोरं सोडणार नाही.” मी वहीत लिहायला पेन्सिल काढली, आणि मग मला तो खड्डा कुठे आहे ते दिसलं. पेन्सिल तशीच हातात राहिली.

मी काही बोलले नाही. घाबरले हे खरं, पण त्याहून खरं असं की मला खात्री नव्हती, आणि खात्री नसताना बोलणं मला जमत नाही. घरी येऊन मी दोन वाट्यांत पाणी घालून ते बाहेर गोठवलं, एकावर मूठभर मीठ टाकलं आणि दोन्ही वाट्या मागच्या पायरीवर ठेवल्या. जेवण होईपर्यंत एका वाटीत बर्फ जसाच्या तसा आणि दुसरीत पाण्यात तरंगणारा एक तुकडा. पुढे मी जन्मभर पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. पुढे मी राहिले त्या नेपरव्हिल शहराच्या आसपासच्या तळ्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेलं मीठ किती उतरतं, ते मोजण्यात माझी कित्येक वर्षं गेली. लोक विचारतात, या विषयाकडे कशा वळलात? मी त्यांना त्या दोन वाट्यांबद्दल सांगत नाही. तेव्हा त्या बघून मला आनंद झाला होता, कोडं सुटल्याचा, आणि पुढच्याच क्षणी आठवलं, पेटी आईची आहे.

शनिवारी सकाळी डेल आणि आणखी चार-पाच जण यांत्रिक गिरमिट घेऊन तळ्यावर फिरले. वीस ठिकाणी भोकं पाडली, वीसही ठिकाणी बर्फ गुडघ्याएवढा, काळा, कातळासारखा. खोपीच्या मागचा खड्डा त्यांनी पाहिला, खांदे उडवले आणि म्हणाले, म्हाताऱ्याने कॉफीच्या चुलीचं गरम पाणी ओतलं असेल आणि विसरला असेल. हे आमच्या घरापर्यंत पोचलं ते नर्सबाईंकडून. त्या बाबांना म्हणाल्या, “बिचारे आर्नी. आज त्यांच्याकडून किल्ली काढून घेणार आहेत.” बाबांनी आत येऊन आईला सांगितलं. मी दोन्ही वाट्या आणून तिच्यापुढे ओट्यावर ठेवल्या आणि म्हटलं, “आई, आपल्या पेटीचं पाणी आहे ते.”

आईने मिठाच्या वाटीत बोट घालून चाखलं. मग बोट पदराला पुसलं. बाबा हळूच म्हणाले, “मी फोन करून एक्स्प्लेन करतो. तू जाऊ नकोस, उगाच लोकांसमोर...” आई म्हणाली, “तुम्ही काय सांगणार? तुम्हाला खारवण म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?” मग मला म्हणाली, “शुभे, पेटीला हात लाव.”

दुकानात आठ-दहा माणसं होती. काका मासोळ्यांच्या टाकीशेजारी खुर्चीवर बसले होते, टोपी मांडीवर. त्यांचा हात कोटाच्या खिशात होता आणि डेल समोर हात पसरून उभा. आम्ही पेटी काउंटरवर ठेवली. आईने दगड बाजूला केला, झाकण काढलं, आणि तो वास सुटला. तीन आठवडे खारवलेला मासा उबदार खोलीत. एका माणसाने सरळ नाक धरलं. गॅसवाल्यांपैकी एक जण तिथे होता, तो मागे सरकला. आई मराठीत बोलणार आणि मी इंग्रजीत सांगणार, असं आमचं गाडीत ठरलं होतं. मी तोंड उघडलं, पण आई थांबली नाही.

“दिस माय फिश,” ती म्हणाली. “आय पुट सॉल्ट. थ्री वीक. बिहाइंड हिज हाउस. दॅट वॉटर, माय वॉटर. आइस गुड.” मग तिने काकांकडे बोट केलं. “ही गुड. आय बॅड.”

मला तिचा हात धरावासा वाटला, पण तो हात मिठाच्या रिकाम्या पोत्याची घडी उलगडत होता. ते पोतं तिने डेलच्या पसरलेल्या हातावर ठेवलं.

आर्नी काका उठले. त्यांनी पोतं उचलून पाहिलं, मग पेटीच्या फटींवर बोट फिरवलं आणि ते बोट तोंडात घातलं. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं ते रागावलेत. ते डेलला म्हणाले, “मी काल चाखलं होतं ते पाणी. पहिली गोष्ट तीच केली, माझ्या बापाने शिकवल्याप्रमाणे. मला खारट लागलं. पण या तळ्यात मीठ कुठून येणार? मला वाटलं, कान गेले, डोळे गेले, आता जीभही गेली. म्हणून बोललो नाही.” डेल तसाच कोट न घालता बाहेर पडला, बर्फावरून खोपीपर्यंत चालत गेला. आम्ही सगळे दुकानाच्या खिडकीतून बघत होतो. तो खड्ड्यापाशी गुडघ्यांवर बसला, बोट बुडवून तोंडात घातलं आणि थुंकला. परत आल्यावर त्याने ना आईकडे पाहिलं, ना काकांकडे. इतकंच म्हणाला, “पुढच्या शनिवारी ठेवू.” काकांनी खिशातला हात रिकामाच बाहेर काढला आणि टोपी घातली.

तो मासा, सांगायला हरकत नाही, पार फसला होता. मीठ आत शिरायच्या आधीच तो गोठला. बाहेरून जहर खारट आणि आतून कच्चा. त्या बोंबलांनंतर आईने फेकून दिलेला तेवढाच मासा मला आठवतो. काकांनी एक तुकडा हट्टाने खाल्ला आणि तीन ग्लास पाणी प्यायले. वर तिला दम भरला की पुन्हा माझ्या बर्फावर मीठ आणलंस तर तुलाच भोकातून खाली सोडीन. मी भाषांतर केलं नाही. आई हसत होती, म्हणजे तिला कळलं होतं.

पुढच्या शुक्रवारी काकांनी गिरमिट फिरवून पहिलं भोक पाडलं, बुडबुडे फुटत पाणी वर आलं, आणि त्यांनी आईला हाक मारली. गावातली पाच-दहा माणसं उभी होती. काकांनी पाण्याकडे बोट दाखवलं. आईने हातमोजा काढला, बोट बुडवलं, चाखलं आणि म्हणाली, “गोडं.” त्या माणसांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, समुद्राचं नसतं त्या पाण्याला आमच्याकडे असं म्हणतात. काकांनी स्वतः चाखलं. “गोऽडं,” ते म्हणाले, तोंड भरून, आणि डेलला खूण केली. हिरवा झेंडा वर गेला.

त्यानंतर काका चार हिवाळे जगले. दर हिवाळ्यात पहिल्या भोकापाशी दोघं पाणी चाखायचे आणि दोघांचं एकमत झाल्याशिवाय झेंडा हलायचा नाही. आता माझा नातू फोनवर बोट फिरवून कुठल्या तळ्यावर किती बर्फ आहे ते सांगतो, आणि मी विचारलं, हे कुणी बघितलं जाऊन, तर म्हणतो, “आजी, इट्स जस्ट डेटा.” असेलही. मला मात्र पाचवा हिवाळा आठवतो. काका नोव्हेंबरात गेले होते. आई त्या वर्षी तळ्याकडे फिरकली नव्हती. डिसेंबरातल्या एका सकाळी ती पोळ्या लाटत असताना फोन वाजला, तो मी घेतला. डेल होता. त्याने घसा साफ केला, हवापाणी विचारलं, पुन्हा घसा साफ केला. मग म्हणाला, “पहिलं भोक पाडलंय. तुझ्या आईला विचार, येते का? झेंडा लावायचा थांबलोय.”

मी आईला सांगितलं. तिने तव्यावरची पोळी उतरवली, गॅस बंद केला आणि बाबांचे बूट शोधायला लागली.